पाय उचल, काच आहे

हॉस्पिटलची बाई येणार म्हटलं की वहिनी घर आवरायला घ्यायची, आणि बाईने "माझ्यासाठी काही आवरू नका हो, घर असतं तसंच असू द्या" असं बजावल्यापासून तर तिचं काम दुप्पट झालं होतं. आधी सगळं लख्ख करायचं आणि मग त्यावर थोडा पसारा मांडायचा. एक वर्तमानपत्र सोफ्यावर, पण नीट उलगडलेलं. दोन उशा तिरक्या, पण दोन्ही सारख्याच तिरक्या. टेबलावर एक कप, धुतलेला. आत्या दारात उभी राहून हे सगळं बघायची आणि म्हणायची, "वहिनी, चपलासुद्धा विस्कटून ठेव की. एक इकडे, एक तिकडे. नाहीतर बाईला वाटायचं, या घरात कुणाला पायच नाहीत." वहिनी खरोखरच जाऊन चपला विस्कटून यायची.

आत्या म्हणजे या घरातल्या मुलीची आत्या, पण जिन्यातल्या पोरांपासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. लग्न टिकलं नाही तेव्हा एक सुटकेस घेऊन ती दादाकडे आली, चार दिवसांसाठी, आणि ते चार दिवस अजून संपायचे होते. बाल्कनीलगतची छोटी खोली तिची. दिवसभर ती एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. लोक कपडे आणून देत आणि डागांबद्दल बिनदिक्कत खोटं बोलत. "चहा सांडला हो," म्हणणाऱ्याचा कपडा नाकाशी नेऊन आत्या म्हणायची, "साहेब, असा चहा कुठे मिळतो ते मलाही सांगा." गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं, पण पुन्हा तिच्याकडेच यायचं, कारण डाग काढावा तर आत्यानेच. ताईंच्या जिभेला हाड नाही, असं वहिनी म्हणे. हाड होतं, पण ते फक्त दादासमोर उगवायचं.

दादाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि शहरभर त्याच्या शांत स्वभावाचं नाव होतं. गाडी भर चौकात बंद पडली, मागे हॉर्नचा गिल्ला उठला, शिकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दादा शेजारच्या सीटवरून लोण्यासारख्या आवाजात म्हणणार, "काही घाई नाही. क्लच दाबा. श्वास घ्या. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?" लोकांना वाटे, काय देवमाणूस आहे. आत्या म्हणे, आहेच, पण संध्याकाळी शटर ओढताना देव आत राहतो आणि घरी नुसता माणूस येतो. घरी कुणी बशी जरा जोरात ठेवली तरी त्याच्या कपाळाची शीर उडायची. दिवसभर गिळलेला सगळा राग तो घरी आणून ओतायचा आणि ओतून झाला की गाढ झोपायचा. बाकीची तिघं जागी राहायची.

मुलगी सोळा वर्षांची. लहानपणी सापडेल ते उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून आत्याने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. वर्ष-दीड वर्षापासून मुंगीचं बिनसलं होतं. शाळा सुटली, झोप उडाली. दंडावर नखांनी ओरखडे काढून घ्यायची, दिवसचे दिवस बोलायची नाही, आणि मग एकदम अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. पोरगी आजारी होती, यात वाद नव्हता. गेल्या थंडीत तिचा हात दिवाणखान्याच्या खिडकीच्या काचेतून आरपार गेला. रक्त, टाके, हॉस्पिटल, मोठे डॉक्टर. मुलीने स्वतःच काचेवर हात मारून घेतला, असं आईवडिलांनी सांगितलं. आत्याला विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "मी स्वयंपाकघरात होते." त्यानंतर त्या खिडकीबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. आत्या ज्यावर बोलत नाही अशी दुसरी गोष्ट त्या घरात नव्हती.

डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या. एक म्हणजे शहराबाहेरचं निवासी केंद्र. उंच भिंत, ठरल्या दिवशीच भेट, आणि मुलगी परत कधी येणार ते कुणी सांगत नाही. दुसरी म्हणजे घरीच उपचार. हॉस्पिटलची बाई घरी येणार, आणि नुसत्या मुलीशी नाही तर सगळ्या कुटुंबाशी बोलणार. पण तसलं काही पुन्हा घडलं, तर मग केंद्रच. आत्याचा जीव त्या एका अटीत अडकला होता. तिच्या खोलीत येऊन तिच्याच पलंगावर आडवी पडणारी, लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला ऐकून नाकातून हसणारी ही एवढी एकच होती. मुंगी गेली की या घरात आत्याचं म्हणावं असं कुणी उरणार नव्हतं, आणि भिंतीच्या आत मुंगीचंही कुणी असणार नव्हतं.

बाई यायला लागली तशी आत्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव हंबाई ठेवलं. कारण काहीही सांगा, ती म्हणायची, "हं." मुलगी जेवत नाही. हं. मुलगी झोपत नाही. हं. स्कूटरवरून यायची, हेल्मेटने केस चप्पट झालेले, पर्समध्ये सदैव खोकल्याच्या गोळ्या. वयाने वहिनीपेक्षा लहान. "घराला आग लागली सांगितलं तरी ही म्हणेल हं," आत्या मुंगीला म्हणाली, "आणि मग आगीला कसं वाटतंय ते विचारेल." मुंगी नाकातून हसली. आत्याला वाटलं, उपचार म्हणतात तो हाच, बाकी सगळं लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

हंबाईने नियम घालून दिले. सुऱ्या, कात्र्या, औषधं कुलपात. वहिनीने त्यासाठी नवं कपाट आणलं, पडद्यांना शोभेल असं. किल्ली दादाच्या खिशात. त्यामुळे कांदा चिरायचा तर दादा घरी येईपर्यंत थांबा. ज्याच्या हाती काही न दिलेलं बरं त्याच्याच खिशात किल्ली, असं आत्या मनात म्हणायची. मनातच. बाथरूमची कडी काढून टाकली, म्हणून आत असलेल्याने गुणगुणत राहायचं. दादा शीळ घालायचा, वहिनी खोकायची, आत्या मुद्दाम बेसूर गायची. मुंगी काहीच करायची नाही, आणि कुणी दार ढकललंच तर शांतपणे म्हणायची, "मी आहे अजून." ते ऐकून वहिनीच्या हातातला टॉवेल खाली पडायचा.

आणि तो लाकडी चमचा. हंबाईने कल्पना काढली की ज्याच्या हातात चमचा त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्या दिवशी चमचा दादाच्या हाती गेला तो बाईची जायची वेळ झाली तरी सुटेना. संयम म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, आपण लहानपणी कसे वाढलो. दुसऱ्या खेपेला बाईने सांगितलं, प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. वहिनी म्हणाली, मुलीचं अक्षर सुंदर आहे. दादा म्हणाला, मनावर घेतलं तर ती फार हुशार आहे. मुंगीने चमचा हातात घेतला, थोडा वेळ उलटसुलट केला आणि म्हणाली, "बाबा गाडी चांगली चालवतात." हंबाई म्हणाली, हं. आत्याने हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं आणि मग ती कोणती खिडकी आहे ते लक्षात येऊन नजर खाली घातली.

असं चालत आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही होतं. मुंगी महिनाभर किंचाळली नव्हती. दंडावर नवे ओरखडे दिसत नव्हते. हंबाईने मग नवा गृहपाठ दिला. आठवड्यातून एकदा चौघांनी एका टेबलावर बसून जेवायचं. टीव्ही बंद, फोन बंद. काही खास बोलायचं नाही, नुसतं जेवायचं. आत्याला ते ऐकून वाटलं, नुसतं जेवायचं म्हणे, या घरात नुसतं काहीतरी होतं का?

सुट्टीची दुपार होती. वहिनीने दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर चांगल्या काचेच्या प्लेटा मांडल्या. मधोमध काचेचा मोठा बाऊल, त्यात टोमॅटोचं सूप. दादा सकाळची शिकवणी संपवून आला होता, आणि त्या सकाळी कुणीतरी गाडी दुभाजकावर चढवली होती. तो तिथे शांत राहिला होता. म्हणजे आता हिशोब घरच्यांच्या माथी, हे आत्याला त्याने खुर्ची ओढली त्या आवाजावरूनच कळलं. पण तो गोड बोलायला लागला. म्हणाला, "मुंगे, मी काय म्हणतो, तू रोज माझ्या ऑफिसात येऊन बस. काउंटरवर. लोकांत मिसळशील, मन रमेल. बघशील तरी, माणसांशी कसं वागायचं असतं."

मुंगीने चमचा खाली ठेवला. "तुम्ही तिथे किती गोड बोलता ते बघायला?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. उलट जरा कुतूहल असल्यासारखं विचारलं होतं.

दादाने बाऊल उचलला आणि फेकला. मुंगीच्या डोक्यावरून तो मागच्या भिंतीवर फुटला, घड्याळाखाली, आणि लाल सूप भिंतीवरून खाली ओघळलं. मग मुंगी उठली, पांढरीफटक, आणि दोन्ही हातांनी तिने टेबल झाडून काढलं. प्लेटा, पेले, चमचे, मीठदाणी, सगळं जमिनीवर. मग ती फ्रिजच्या कोपऱ्यात जाऊन खाली बसली, गुडघे छातीशी धरून, आणि गप्प झाली.

आत्याने हंबाईला फोन लावला. तोही नियमच होता, काही झालं की आधी फोन. बाई म्हणाली, जवळच आहे, येतेच. आत्याने तसं सांगितलं मात्र, वहिनीच्या अंगात वीज शिरली. "येतेय? इथे? आत्ता?" तिने चौफेर बघितलं. मुलीकडेही बघितलं, पण ते बाकीच्या पसाऱ्याकडे बघावं तसं. "अहो, झाडू आणा. ताई, फरशी."

आणि मग त्या घरात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. तिघं एकदिलाने कामाला लागली. दादा झाडू मारतोय, वहिनी सुपडी धरतेय, आत्या ओल्या फडक्याने भिंत पुसतेय. कुणी कुणाला टोचून बोललं नाही, कुणी कुणाच्या मध्ये आलं नाही. हंबाईने इतके दिवस चमचे फिरवून जी एकी आणली नाही ती एका केरसुणीने आणली. फ्रिजपाशी पोचल्यावर वहिनी थांबली आणि मुलीला म्हणाली, "पाय उचल, काच आहे." मुंगीने पाय उचलले. वहिनीने खालून केर काढला. मुंगीने पाय परत खाली ठेवले.

दादाच्या शर्टाच्या उजव्या बाहीवर सूप सांडलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत. आत्याने सवयीने हात पुढे केला. "काढ तो. वाळला तर निघायचा नाही." दादाने शर्ट काढून दिला. आत्याने बाथरूममध्ये जाऊन बाही थंड पाण्यात धरली, साबण लावला, चोळली, पुन्हा धरली. डाग ताजा होता, भराभर गेला. हे सगळं करताना तिच्या मनात फक्त एवढंच होतं की टोमॅटोला गरम पाणी चालत नाही. आणि ती गात होती, नियम म्हणून.

बेल वाजली तेव्हा घर आरशासारखं होतं. दादा दुसऱ्या स्वच्छ शर्टात, केस विंचरलेले. वहिनीने घाईतही एक उशी तिरकी करून ठेवली होती. हंबाई आत आली, हेल्मेट काखेत, धापा टाकत. तिने आधी मुंगीकडे जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बैठक मारली, हात बघितले, पाय बघितले, हळूच काहीतरी विचारलं. मुंगीने मान हलवली. मग बाई तिथूनच वळून म्हणाली, "काय झालं?"

"तेच," दादा म्हणाला. शेजारच्या सीटवरचा आवाज, लोण्यासारखा. "चांगले जेवायला बसलो होतो. अचानक भडकली आणि सगळं उधळून दिलं. काचा बघितल्या असत्या तर तुमच्या अंगावर काटा आला असता. बाई, आम्ही खूप प्रयत्न केले. पण आता मला वाटतं, केंद्रच बरं. तिच्याच भल्यासाठी. तुम्ही तशी शिफारस करा."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि मान डोलावली. आत्याला वाटलं, आता ही हं म्हणेल आणि पोरगी गेली.

हंबाईने खोलीभर नजर फिरवली. "कुठे उधळलं?"

"इथे. या टेबलावर."

"इथे तर काहीच नाही."

"आवरलं आम्ही," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा अभिमानच होता.

"कचऱ्याचा डबा आणा," हंबाई म्हणाली. "आणि जसं होतं तसं परत मांडा."

दादा आधी हसला. मग त्याला कळलं की ती थट्टा करत नाहीये. वहिनीला असा धक्का बसला, जसा आपल्या मुलीने काचा फोडल्याचाही बसला नव्हता. "केर परत टेबलावर?" ती म्हणाली. "खायच्या टेबलावर?" हंबाई म्हणाली, "तुम्ही मुलीला घराबाहेर पाठवायची शिफारस मागताय. काय झालं ते मला नीट दिसलं पाहिजे. नुसतं ऐकून मी लिहिणार नाही." तिचा आवाजही वर गेला नव्हता, पण त्यात गोळ्या-बिळ्यांचा गोडवा नव्हता. आत्याला पहिल्यांदाच वाटलं की या बाईच्या हंमागे कुणीतरी बसलेलं आहे.

मग वरातच निघाली म्हणायची. वहिनी रबरी हातमोजे घालून डब्यातून एकेक तुकडा उचलत होती आणि फरशीवर ओळीत मांडत होती, मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे, जणू विकायला बसली आहे. दादा खुणेने सांगत होता, ही प्लेट इथे, तो पेला तिथे. बाऊलचे जाड हिरवट तुकडे त्याने स्वतः उचलले आणि टेबलाच्या पायाशी, प्लेटांच्या ढिगात नेऊन ठेवले. तिथे ते अगदी शोभून दिसत होते. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

"भिंत ओली दिसतेय," हंबाई म्हणाली.

घड्याळाखालचा तो पट्टा अजून वाळला नव्हता. आत्याने पुसलेला.

"मी रोज पुसते भिंती," वहिनी म्हणाली. आणि आपलं नशीब बघा, हे खोटं नव्हतं.

हंबाईने मुंगीला विचारलं, सगळं बरोबर मांडलंय का. मुंगी आत्याकडे बघत होती. आत्याला वाटलं होतं की त्या नजरेत विनवणी असेल, आणि विनवणीची तयारी तिने केली होती. पण तिथे विनवणी नव्हती. डाव्या नाकपुडीजवळ एक सुरकुती होती, नाक जेमतेम वर गेलेलं. चहा म्हणून भलताच डाग पुढे करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आत्या असंच बघायची. तिच्याच पलंगावर आडवं पडून मुंगीने ती नजर उचलली होती. आता ती आत्यावर लागली होती. पोरीला काहीच अपेक्षा नव्हती. हिच्याकडून होणार तरी काय, एवढंच तिथे होतं.

आत्याला शरम वाटली. अशी वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जगाची धुणी चव्हाट्यावर धुणारी ही, आणि भावाची बाही बादलीत बुडवून गाणं म्हणत होती.

ती वाकली. टेबलाच्या पायाशी ठेवलेला बाऊलचा तळ तिने उचलला, मुंगीच्या रिकाम्या खुर्चीमागे गेली आणि ओल्या भिंतीखाली जमिनीवर ठेवला. "हा इथे होता," ती म्हणाली. "बाऊल दादाने फेकला. तिच्या डोक्यावरून. मग तिने टेबल झाडलं, ते खरं आहे. पण आधी हा."

"तोंड सांभाळून बोल," दादा म्हणाला. लोणी कुठल्या कुठे गेलं. कपाळाची शीर उडायला लागली. "कुणाच्या घरात राहतेस तू? ज्या ताटात खातेस..."

"ताटं सगळी फुटली दादा," आत्या म्हणाली. जीभ आता सुटली होती ती सुटलीच होती. "तुझ्या घरात राहते. तुझाच शर्ट मघाशी धुतला. उजव्या बाहीवर सूप होतं, मनगटापासून कोपरापर्यंत. माझं काम मी चोख केलंय, डाग आता कुणाला सापडायचा नाही. म्हणून तोंडाने सांगतेय."

"ताई, अहो, घरातलं घरात," वहिनी कुजबुजली.

"घरातच तर आहोत," आत्या म्हणाली.

दादा खुर्चीवर बसला. त्याने किल्ली खिशातून काढली, कशासाठी ते त्यालाच ठाऊक, आणि हातात धरून राहिला. हंबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती मुंगीकडे बघत होती, कारण मुंगी उठून उभी राहिली होती.

आत्याला वाटलं, आता पोरगी येईल आणि गळ्यात पडेल. इतकं तर आपण कमावलंच, असंही तिला वाटून गेलं. दादाच्या तोंडावर बोललो, छप्पर पणाला लावलं. तिने हातसुद्धा जरा पुढे केले.

मुंगी काचांमधून जपून पावलं टाकत खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली. हातावर टाक्यांची गुलाबी रेघ होती, तळव्यापासून मनगटाच्या वरपर्यंत. नाकपुडीजवळची सुरकुती अजून गेली नव्हती.

"आणि खिडकी?" ती म्हणाली.

वहिनीच्या हातमोज्यातून एक तुकडा निसटून फरशीवर वाजला. दादाने मान वर केली आणि बहिणीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती, भीती होती. असं बघताना आत्याने त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो आपल्याला घाबरू शकतो हे तिला आधी कळलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की कळलं असतं तरी आपण गप्पच बसलो असतो. आपल्याला छप्पर हवं होतं. त्या थंडीत ती दिवाणखान्यात होती, इस्त्रीचे कपडे हातात घेऊन उभी. पोर खिडकीत हात ठेवून किंचाळत होती, आणि लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून दादाने खिडकीचं दार सगळ्या ताकदीने ओढून आपटलं होतं. हात तिथे आहे हे दिसत असताना. काच फुटून हात आरपार गेला होता. इतके महिने सगळं शहाणपण, चमचे, कुलपं, कड्या त्या एका खोट्यावर उभं होतं, आणि पोरगी रोज समोर बसून ती गंमत बघत होती.

हंबाई आत्याकडे वळली. या वेळी ती हं म्हणाली नाही.

"मुंगे," आत्या म्हणाली, "मी..."

"मला नको सांगूस," मुंगी म्हणाली. "मला माहीत आहे."

आत्याने पुढे केलेले हात मागे घेतले. साडीला पुसले, ओले नव्हते तरी. मग ती खिडकीपाशी गेली. तिथे एक खुर्ची होती, वहिनीने पडद्याला शोभेल अशी ठेवलेली. आत्याने ती उचलली आणि बाजूला नेऊन ठेवली.

"ही खुर्ची तेव्हा इथे नव्हती," ती म्हणाली. "आणि मी स्वयंपाकघरात नव्हते."